नगरपरिषदेचं संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता यावं म्हणून: सुरुवात स्कॅनरच्या टेबलापासून

माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. त्याच्या गावच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर तो दिव्यांग निधीचा अर्ज शोधत होता आणि मी शेजारी बसले होते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून मिळणाऱ्या साहाय्याचा हा अर्ज. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू होता. तो टॅब दाबत गेला आणि कानावर येत गेलं, 'लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा.' कुठली लिंक कशाची, काही पत्ता नाही. अंदाजाने चार फाइली उघडून बंद केल्यावर पाचवी उघडली आणि लॅपटॉप गप्प झाला. 'उघडतंय का अजून?' त्याने विचारलं. माझ्यासमोर अर्ज स्वच्छ दिसत होता. किंचित तिरका स्कॅन, खाली निळा गोल शिक्का, त्यावर सही. त्याच्यासाठी ते कोरं पान होतं. अर्ज खास दिव्यांगांसाठीचा होता आणि तो त्यालाच वाचता येत नव्हता.

मी संकेतस्थळांची सुगम्यता, म्हणजे ती दिव्यांगांना वापरता येतात का हे तपासायचं काम करते. छोट्या शहरांची संकेतस्थळं पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संकेतस्थळ बनवणारी कंपनी तीन-चार महिन्यांत काम संपवून जाते, पण त्यावर रोज काही ना काही चढवत राहतो तो कार्यालयातला लिपिक किंवा संगणक चालक. संकेतस्थळ सुगम राहणार की नाही, हे त्याच्या टेबलावर ठरतं. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. आधी कागद, मग अर्ज, मग पानांची रचना आणि शेवटी निविदा.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता नोंदली आहे. माहिती-तंत्रज्ञान सुगम असावं हे कलम ४२ सांगतं आणि सेवा देणाऱ्यांसाठी मुदतीचं बंधन कलम ४६ मध्ये आहे. २०१७ च्या नियमांतला नियम १५ शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे, म्हणजे जीआयजीडब्ल्यूकडे बोट दाखवतो. संकेतस्थळावरचे दस्तऐवज ई-पब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर केलेल्या, पीडीएफमध्ये असावेत, हेही त्यातच आहे. जीआयजीडब्ल्यूची चालू आवृत्ती ३.० ही २०२३ ची असून ती डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मानकाच्या 'डबल ए' या मधल्या पातळीला धरून आहे.

'ही नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत' असं कोणी बैठकीत म्हणालं तर दोन निकाल हाताशी ठेवा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. कायद्याला बंधनकारक मानकं अपेक्षित आहेत आणि नियम १५ नुसत्या शिफारशी करतो, असं सांगून न्यायालयाने केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. मुख्याधिकाऱ्यांपुढे टिप्पणी ठेवताना एवढा आधार पुरतो.

पहिला तास: मॉनिटर बंद करून बसा

कामाला हात घालण्याआधी एनव्हीडीए उतरवून घ्या. तो मोफत आहे, विंडोजवर चालतो आणि त्यात मराठी आवाजही आहे. माऊस बाजूला ठेवा, मॉनिटर बंद करा आणि तीन कामं करून पाहा: या वर्षाची घरपट्टी किती ते शोधणं, जन्मदाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात ते काढणं, पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवणं. एच ही कळ दाबली की पुढच्या मथळ्यावर जाता येतं, के दाबली की पुढच्या लिंकवर, एफ दाबली की फॉर्मच्या पुढच्या रकान्यावर. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंका आणि मथळ्यांची यादी समोर येते.

या तासाला मुख्याधिकारी, संगणक विभाग आणि जमल्यास एखादा नगरसेवक यांना सोबत बसवा. अहवालाची पन्नास पानं वाचून जे पटत नाही ते इथे दहा मिनिटांत पटतं. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

फाँट: दिसतं मराठी, असतं भलतंच

आपल्या कार्यालयांत वर्षानुवर्षं श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटमध्ये टंकलेखन झालं. जुन्या पद्धतीच्या या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या वाट्याला निव्वळ गडबडगुंडा येतो. गूगललाही ते सापडत नाही.

तपासणी सोपी आहे. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी राहिलं तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेली पद्धत. कचरा झाला तर जुना फाँट. जुन्या फाइलींसाठी फाँट परिवर्तक मिळतात, पण रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. नव्या कामासाठी कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर युनिकोड फाँट आणि भारतीय लिपींचा प्रमाणित इन्स्क्रिप्ट कळफलक बसवा. कोणाचा हात जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल तर युनिकोडमध्ये तशी मांडणी देणारी साधनंही आहेत. वीस वर्षं त्या मांडणीवर काम केलेल्या माणसाला ती सोडायला लावू नका. नाहीतर तो घाईच्या दिवशी हळूच जुन्या फाँटकडे वळेल.

याच्या जोडीला एक काम संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून करून घ्या. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद हवी. अनेक मराठी पानांवर ती इंग्रजीच राहिलेली असते, कारण साचा इंग्रजी होता. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि शब्द गिळतो. मराठी पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरती वेगळी नोंद करता येते.

सूचना आणि पीडीएफ: खरी लढाई इथे आहे

सूचना स्कॅन का होते? कारण ती संगणकावर टंकली जाते, छापली जाते, साहेबांची सही होते, शिक्का बसतो, आवक-जावक क्रमांक पडतो आणि मग 'साइटवर टाका' म्हणून कागद संगणक विभागात येतो. तिथल्या माणसाच्या हातात कागदच असतो, मग तो स्कॅन करतो. त्याचा दोष नाही, प्रवाहच तसा आहे. मजकुराची मूळ वर्ड फाइल आस्थापना किंवा बांधकाम विभागातल्या संगणकावर पडून राहते.

म्हणून बदल प्रवाहात करा. कागदासोबत वर्ड फाइल आल्याशिवाय सूचना संकेतस्थळावर चढणार नाही, असं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं एक पानी परिपत्रक काढा. सहीचं काय, हा प्रश्न लगेच येईल. मंत्रालयातले शासन निर्णय आठवा. ते वर्डमधून पीडीएफ होतात, डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होतात आणि शेवटी संगणक संकेतांक लिहिलेला असतो. शिक्क्याचा स्कॅन न लावताही ते ग्राह्य असतात. तुमच्याकडे मुख्याधिकाऱ्यांची डिजिटल स्वाक्षरी बहुधा आहेच, ई-निविदेसाठी ती रोज वापरली जाते. तीही नको असेल तर मजकुराखाली 'मूळ प्रतीवर मुख्याधिकाऱ्यांची सही आहे' ही ओळ टाका.

वर्डमध्ये फाइल तयार करताना मथळ्याला ठळक आणि मोठं करून सोडू नका, 'हेडिंग' शैली द्या. तक्ता असेल तर पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून नेमा. स्पेसबार दाबून दाबून रकाने जुळवलेला तक्ता ऐकताना नाव एकीकडे आणि रक्कम दुसरीकडे जाते. पीडीएफ करताना 'सेव्ह अ‍ॅज' वापरा आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठीच्या संरचना-टॅगची (मथळा कुठे, तक्ता कुठे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या माहितीची) खूण चालू आहे का ते बघा. 'प्रिंट टू पीडीएफ' कधीच नको, त्यात सगळे टॅग गळून पडतात.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. पीडीएफमध्ये देवनागरी नीट दिसते पण आतला क्रम बिघडलेला असू शकतो. पीडीएफमधून चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. 'निविदा' हा शब्द आधी मात्रा आणि मग अक्षर असा उलटा आला, किंवा जोडाक्षरं फुटली, तर स्क्रीन रीडरलाही तेच मिळणार आहे. यावर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सूचनेचा पूर्ण मजकूर थेट पानावर टाकणं आणि पीडीएफ जोडपत्र म्हणून खाली ठेवणं. पान मोबाइलवरही नीट वाचता येतं, अक्षर मोठं करता येतं, आणि डेटा कमी लागतो.

जुन्या हजारो स्कॅनचं काय करायचं? सगळं एकदम करायला जाल तर काहीच होणार नाही. चालू योजनांचे अर्ज, नागरिकांची सनद, करांचे दर, प्रमाणपत्रांसाठीच्या कागदपत्रांच्या याद्या, दिव्यांग आणि महिला-बालकल्याणच्या योजना एवढं आधी घ्या. टेसरॅक्ट किंवा गूगल डॉक्सचं ओसीआर मराठी बऱ्यापैकी ओळखतं, पण आकडे आणि तारखा माणसाने तपासल्याच पाहिजेत. १ आणि ९ ची गल्लत झाली तर अर्जाची मुदतच बदलते. उरलेल्या जुन्या कागदांच्या पानावर लिहा की, हवा तो दस्तऐवज मागितल्यास अमुक दिवसांत वाचण्याजोग्या रूपात मिळेल. आणि मग तो खरोखर द्या.

लिंकेचं नावही इथेच सुधारा. 'येथे क्लिक करा' किंवा 'डाउनलोड' याऐवजी 'दिव्यांग साहाय्य योजनेचा अर्ज, पीडीएफ, २ पानं' असं लिहा. माझ्या मित्राचा अर्धा वेळ एवढ्याने वाचला असता.

घरपट्टीचा फॉर्म

नागरिक संकेतस्थळावर बहुतेकदा पैसे भरायला येतो, म्हणून पानांपैकी सर्वांत आधी हे दुरुस्त करा. रकान्यात फिकट अक्षरांत 'मालमत्ता क्रमांक' लिहिलेलं असतं आणि टंकायला लागलं की ते नाहीसं होतं. ते लेबल नव्हे. लेबल रकान्याच्या वर, कायम दिसणारं आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेलं हवं. जोडलेलं नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं 'एडिट, ब्लँक' म्हणतो आणि पाच रकाने असतील तर पाच वेळा तेच म्हणतो. क्रमांक कोणत्या नमुन्यात टाकायचा आणि तो बिलावर कुठे असतो, हे लेबलखालीच सांगा.

चूक झाली की अनेक फॉर्म रकान्याची कड लाल करून मोकळे होतात. ते अंध माणसाला कळत नाही आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यालाही नाही. शब्दांत सांगा: 'मोबाइल क्रमांकात ९ अंक आहेत, १० हवेत.' संदेश त्या रकान्याजवळ असावा, कर्सर तिथे जावा आणि आधी भरलेली माहिती पुसली जाऊ नये. हाताला कंप असलेल्या माणसाला तोच पत्ता पुन्हा टंकणं म्हणजे काय, याचा विचार करा.

कॅप्चा हा सर्वांत मोठा अडसर आहे. वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा अंधाला अडवतो, ऐकून लिहा म्हणणारा कर्णबधिराला, आणि कर्णबधिर-अंध व्यक्तीला तर दोन्ही. जिथे मोबाइलवर ओटीपी येतोच आहे तिथे कॅप्चाची गरज नसते, तो काढून टाका. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, अडवण्यासाठी माणसाला न दिसणारा सापळा-रकाना किंवा सर्व्हरवर विनंत्यांची मर्यादा असे मार्ग विकसकाला माहीत असतात. ओटीपी आणि सत्राची (लॉग-इन टिकण्याची) मुदत वाढवून घेण्याची सोय ठेवा, आणि वेळ संपण्याआधी तसं सांगा. देयक भरून झाल्यावरची पावतीही चित्र नसून मजकूर आहे ना, ते पाहायला विसरू नका. फॉर्म सगळा सुगम आणि पावती मात्र चित्र, हेही मी पाहिलं आहे.

रचना, कळफलक, रंग

बाकी पानांचं काम विकसकाकडे सोपवता येतं, पण तुम्हाला तपासता आलं पाहिजे. पानावर एकच मुख्य मथळा आणि त्याखाली पायरीपायरीने उपमथळे. सगळ्यात वर 'मुख्य मजकुराकडे जा' अशी लिंक, म्हणजे दर पानावर पन्नास मेन्यू ऐकावे लागत नाहीत. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी संपूर्ण संकेतस्थळ फिरता आलं पाहिजे. माऊस नेल्यावरच उघडणारे मेन्यू इथे हमखास अडकतात. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकलेली असते, ती परत आणायला सांगा.

मुखपृष्ठावर सरकणारी पट्टी आणि आपोआप बदलणारी छायाचित्रं हवीतच असा आग्रह असेल तर थांबवायचं बटण द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या गोष्टीला ते लागतंच. मी म्हणेन, पट्टी काढा आणि ताज्या तीन सूचनांची साधी यादी लावा.

रंगाचा नियम आकड्यात आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १, मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १. आपल्याकडे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं फार आवडतात. नेहमीच्या केशरी छटेवर ते प्रमाण जेमतेम २.१ : १ भरतं. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना आणि उन्हात मोबाइल धरलेल्या कोणालाही ते वाचता येत नाही. केशरी रंग ठेवा, अक्षरं गडद निळी करा. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, म्हणून दोन ओळींत दीडपट तरी अंतर हवं. अक्षर २०० टक्के मोठं केल्यावर काही कापलं जातंय का, तेही पाहा.

चित्र, नकाशा, सभेचं चित्रीकरण

पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना चित्र करून टाकायची सवय व्हॉट्सअ‍ॅपमुळे लागली. चित्र टाका, पण तोच मजकूर शब्दांतही द्या. छायाचित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो तो) लिहिताना त्या पानावर ते चित्र काय सांगतं तेवढंच लिहा, 'आयएमजी ००३४' नको आणि निबंधही नको. शोभेच्या वेलबुट्टीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून जातो.

प्रभाग रचनेचा नकाशा शब्दांत कसा सांगायचा? अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाच्या उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम सीमा लिहिलेल्याच असतात. त्या नकाशाखाली मजकूर म्हणून द्या.

सर्वसाधारण सभेचं थेट प्रक्षेपण होत असेल तर चित्रफितीला मराठी उपशीर्षकं (सबटायटल) लावा. आपोआप बनणाऱ्या उपशीर्षकांत नावं आणि रकमा चुकतात, त्या दुरुस्त करा. महत्त्वाच्या घोषणांसाठी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकट जोडा. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा तीच असते, लिखित मराठी त्यांना दुसरी. आणि संपर्काच्या पानावर नुसता दूरध्वनी क्रमांक देऊ नका. जो ऐकू-बोलू शकत नाही त्याला ईमेल किंवा संदेशाचा क्रमांक लागतो. त्याच पानावर कार्यालयात उतार आहे का, उद्वाहक चालू आहे का, दिव्यांग कक्ष कितव्या मजल्यावर, हेही लिहा.

कार्यालयीन मराठी

'शहरातील सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने गुरुवार दि. १२ मार्च रोजी होणारा पाणीपुरवठा होऊ शकणार नाही.' हे ऐकणाऱ्याला दिवस कळायला अर्ध्याहून जास्त वाक्य संपावं लागतं. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या माणसाला तर ते हाती लागतच नाही. 'गुरुवारी, १२ मार्चला, पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती आहे.' अर्थ तोच आहे. महिना अक्षरांत लिहा, तिरक्या रेघांच्या तारखा आवाजात नीट येत नाहीत.

निविदेत काय लिहायचं

'संकेतस्थळ दिव्यांगस्नेही असावे' ही ओळ निरुपयोगी आहे, तिचं मोजमाप होत नाही. जीआयजीडब्ल्यू ३.० आणि डब्ल्यूसीएजी २.१ डबल ए असं नाव घेऊन लिहा, आणि केंद्र सरकारची चाचणी-प्रमाणन यंत्रणा एसटीक्यूसी हिच्याकडून प्रमाणपत्र मिळवून देणं ही ठेकेदाराची जबाबदारी ठरवा. दहा कामांची यादी जोडा, ती अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हाताचा वापर मर्यादित असलेल्या वापरकर्त्यांनी स्वतः करून दाखवल्याशिवाय अंतिम देयक निघणार नाही अशी अट घाला. त्या वापरकर्त्यांना मानधन द्या, ती त्यांची व्यावसायिक सेवा आहे. मजकूर चढवण्याच्या पॅनेलमध्ये पर्यायी मजकूर लिहिल्याशिवाय चित्र चढू नये अशी सोय मागा.

कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह लावून 'एका ओळीच्या कोडने संकेतस्थळ सुगम' म्हणणारी जोडणी कोणी विकायला आली तर नकार द्या. अक्षर लहान-मोठं करणं लोकांच्या मोबाइलमध्ये आधीच असतं, आणि लेबल नसलेला रकाना त्या जोडणीने भरवशाने दुरुस्त होत नाही.

केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचा एस-थ्री-वॅस हा संकेतस्थळं बनवण्याचा मंच अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी वापरला जातो, त्याच्या नावातच 'सुगम्य' शब्द आहे. तो तुम्हाला मिळत असेल तर चांगलाच, निम्मं काम तिथे झालेलं असतं. पण त्यावर चढवलेला स्कॅन स्कॅनच राहतो.

काम सुरू झाल्यानंतर

वेव्ह, अ‍ॅक्स किंवा क्रोममधलं लाइटहाउस या स्वयंचलित साधनांनी दर महिन्याला तपासणी करा. ही साधनं पर्यायी मजकूर आहे का एवढं सांगतात, तो बरोबर आहे का ते सांगत नाहीत. म्हणून दर तीन महिन्यांनी एका दिव्यांग वापरकर्त्यासोबत तासभर बसा, आणि त्यात एकदा तरी मोबाइलवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर चालू करून बघा, कारण बहुतेक लोक मोबाइलवरूनच येतात.

संकेतस्थळावर 'सुगम्यता' नावाचं पान ठेवा: काय नीट चालतं, काय अजून चालत नाही, ते कधीपर्यंत होईल आणि अडचण आली तर कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. पदाचं नाव द्या, व्यक्तीचं नको, बदल्या होत राहतात. आलेली प्रत्येक तक्रार नोंदवहीत घ्या आणि उत्तराची तारीख लिहा. नाही दिलं तर नागरिक राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ शकतो.

आणि स्कॅनरच्या वरच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. युनिकोड आहे का, वर्ड फाइल आली का, मथळ्याला शैली दिली का, मजकूर पानावर टाकला का, लिंकेला नाव दिलं का. पाच ओळी, मोठ्या अक्षरांत. बदली होऊन नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी तो कागद आणि एनव्हीडीएचा हेडफोन, दोन्ही त्याच्या हातात द्या.